आत्याचा वरचा एक

वीज या विषयात आमच्या नातेवाइकांमध्ये मला फार मान आहे, आणि तो सगळा गैरसमजावर उभा आहे. मी नगरला वीज कंपनीच्या कार्यालयात कारकून आहे. माझा विजेशी संबंध कागदापुरता. घरातला बल्ब बदलायचा तर मी आधी मेन स्विच बंद करतो, मग बायकोला स्टूल धरायला उभं करतो, मग वर चढून थोडा वेळ विचार करतो, आणि शेवटी तीच म्हणते, "उतरा, द्या इकडं." पण गावाकडं हे कुणाला पटत नाही. शेवगावच्या बाजूला आमचं गाव. तिथं दादाच्या मोटारीचा स्टार्टर अडकला की मला फोन येतो, आणि शेतीची लाईट रात्रीच का सोडतात याचा जाबही मलाच विचारला जातो. मीही गंभीर आवाजात "बघतो" म्हणतो. काय बघणार हे देवालाच ठाऊक.

घरात विजेचं खरं ज्ञान आहे ते बायकोकडे. तिनं फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय आणि गेली कित्येक वर्षं ती कॉलेजात विद्युतचुंबकीय क्षेत्रं शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढी नोकरी. सुट्टी लागली की ती त्या कॉलेजची कुणीच नसते, आणि जून आला की या वर्षी बोलावतात की नाही या काळजीत कुकरच्या शिट्टीलाही दचकते. पूर्णवेळ जागेसाठी तिनं दोनदा मुलाखती दिल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी बाहेर पडताना तिला एकानं भल्या मनानं सांगितलं की मॅडम, तुम्हाला येतं सगळं, पण समोरच्यापर्यंत पोचत नाही. हे वाक्य तिनं मला घरी येऊन एकदाच सांगितलं. पण पुढं कितीतरी दिवस भाजी निवडताना तिचा हात मध्येच थांबायचा, आणि मला कळायचं की आत्ता ते वाक्य चाललंय.

या वर्षी नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जागा निघाली आणि तिला बोलावणं आलं. सोमवारी मुलाखत, त्याआधी समितीपुढं एक नमुन्याचं लेक्चर. फळा आणि खडू, बाकी काही नाही. विषयही त्यांनीच दिलेला: स्थिर विजेचे प्रश्न संख्यात्मक पद्धतीनं कसे सोडवतात. बायकोनं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, ही शेवटची. या वेळी नाही झालं तर कॉलेजचा नाद सोडायचा आणि बारावीच्या क्लासला शिकवायला जायचं. तिथं म्हणे पोचवावं लागत नाही, पाठ करून घ्यावं लागतं. हे ती हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो. मग ती आत गेली आणि तिनं आधीच घासून ठेवलेली कढई पुन्हा घासायला घेतली.

सरावासाठी घरात श्रोता एकच होता. मी सोफ्यावर बसलो, ती भिंतीवर कॅलेंडर उलटं टांगून त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली. पहिला भाग मला समजला, निदान तसं मला तेव्हा वाटलं. दोन धातूच्या पट्ट्या आहेत, एकीवर शंभर व्होल्ट, दुसरीवर शून्य. तर मधल्या मोकळ्या जागेत कुठं किती व्होल्टेज असेल? पट्ट्या सरळसोट असल्या तर सूत्र आहे. पण जगातल्या वस्तू सरळसोट नसतात. त्या वाकड्यातिकड्या असल्या की सूत्र हात टेकतं, आणि मग ती जागा चौकटी-चौकटींत कापून आकडेमोड करावी लागते. इथपर्यंत ठीक होतं. पुढं तिनं दोन समीकरणं लिहिली. म्हणाली, मोकळ्या जागेत विद्युतभार नसेल तर हे लाप्लासचं, आणि असेल तर हे पॉयसनचं. दोन्ही मला सारखीच दिसली, फक्त एकात बरोबरच्या चिन्हापुढं शून्य होतं आणि दुसऱ्यात काहीतरी ग्रीक. त्या ग्रीक अक्षराकडं मी फार एकाग्रतेनं बघत होतो. मला जाग आली तेव्हा ती खुर्चीत बसली होती आणि खडूऐवजी हातात असलेल्या स्केचपेनाचं टोपण लावत-काढत होती. मला म्हणाली की तुमची चूक नाही, मी वर्गात शिकवते तेव्हाही मागच्या दोन बाकांचं हेच होतं. मला वाटतं, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यातच शनिवार-रविवारी गावची यात्रा. जायचं नाही म्हणण्याची सोय नव्हती. आमच्याकडं यात्रेला लेकीबाळी, जावई, भाचे सगळे येतात, आणि जो येत नाही त्याच्याबद्दल वर्षभर बोललं जातं. मी तिला म्हटलं, तिकडं जरा मोकळं वाटेल. तिनं पिशवीत पुस्तक टाकलं.

रविवारी दुपारी मटण-भाकरी झाली. दादाच्या नव्या घराला पुढं मोठी पडवी आहे, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. भिंतीकडं सतरंजी आणि लोड टाकून दादा आणि गावातले दोन वयस्कर चुलते टेकले होते. बाकी जो तो जागा मिळेल तिथं पसरला होता. बायको एका खांबाला टेकून पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती. घोडेगावची आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, तिच्याकडं बराच वेळ बघत होती. आत्याच्या सासरचं घर जनावरांच्या बाजाराला लागून आहे, त्यामुळं समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ती त्याच्या उभं राहण्यावरून ओळखते. तिनं विचारलं, "का गं, कशानं सुकलीस?" बायको काही नाही म्हणाली. मग मी तोंड उघडलं. मुलाखत, लेक्चर, शेवटची संधी, सगळं सांगून टाकलं. एकदा बोलायला लागलो की मला थांबता येत नाही, हा घराण्याचा गुण आहे.

बेलापूरचे दाजी, माझ्या बहिणीचे यजमान, लगेच सावरून बसले. म्हणाले की वहिनी, आम्हाला समजेल असं सांगा, मग ते कॉलेजवाले काय चीज आहेत. त्यांना गंमत करायची होती. पण बायकोनं पुस्तक मिटलं आणि ती फरशीकडं बघत राहिली. त्या चौकोनी फरश्यांकडं, त्यांच्या मधल्या सरळ सांध्यांकडं. मग उठली, आतून खडू घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही सगळे बसाल का जरा, मी सांगते तसं?"

आमच्या घरात सुनेनं पडवीत सगळ्यांना हुकूम सोडण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. पण जेवण चांगलं झालं होतं आणि ऊन उतरेपर्यंत कुणाला काही काम नव्हतं.

तिनं भिंतीकडची रांग ठरवली शंभर. तिथं दादा आणि चुलते आधीच बसलेले होते. दादानं विचारलं, मला काय करायचंय? ती म्हणाली, "काहीच नाही दादा. तुम्ही फक्त शंभर राहायचं. बाकीचे बदलतील, तुम्ही बदलायचं नाही." दादा आयुष्यभर तेच करत आलाय, त्यामुळं त्याला हे फार आवडलं. उरलेल्या तीन बाजूंना तिनं दारातल्या चपला ओळीनं मांडल्या. चपला म्हणजे शून्य, त्याही बदलायच्या नाहीत. मधल्या नऊ फरश्यांवर तिनं नऊ जण बसवले, तीन-तीनच्या तीन रांगा. भिंतीजवळच्या रांगेत मधोमध दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, उजव्या कोपऱ्यात माझी बहीण. मधल्या रांगेत डावीकडं आत्या, मध्ये मी, उजवीकडं दादाची सून. शेवटच्या रांगेत चपलांपाशी उजव्या कोपऱ्यात दाजी. उरलेल्या जागा भाच्या-पुतण्यांनी भरल्या.

नियम एकच. प्रत्येकानं आपल्या पुढच्या, मागच्या, डावीकडच्या, उजवीकडच्या शेजाऱ्याचा आकडा घ्यायचा, चौघांची बेरीज करायची, तिचा चौथा हिस्सा करायचा आणि तो आपल्या फरशीवर खडूनं लिहायचा. पुन्हा शेजाऱ्यांकडं बघायचं, आकडे बदलले असतील तर आपलाही बदलायचा. बदल थांबेपर्यंत हेच. सुरुवातीला सगळे शून्य. एका भाच्यानं विचारलं, शेजाऱ्याचा जुना आकडा धरायचा की नवा? ती म्हणाली, नवा धरलास तर लवकर पोचशील, जुना धरलास तर उशिरा, पण पोचशील तिथंच.

पहिल्या फेरीत भिंतीजवळच्या रांगेला पंचवीस मिळाले, आम्हा बाकीच्यांना काही नाही. दुसऱ्या फेरीत वहिनी साडेसदतीसवर गेली, बहीण सव्वाएकतीसवर, मला सव्वासहा आले. हिशोब पाव, अर्धा, पाऊण यांत चालला होता, त्याहून बारीक आलं तर जवळचा पाव धरायचा, आणि एरवी बाजारात जन्म काढलेल्या माणसांना तो बोटांवर येत होता. मलाच मोबाईल काढावा लागला. मी कारकून आहे, मला बेरीज कागदावर झालेली लागते.

दाजी मात्र फुगत चालले होते. दोन फेऱ्या झाल्या तरी त्यांच्या फरशीवर शून्य. चारीकडं बघून ते म्हणाले, "जावयाला शून्य? यात्रेला बोलावून?" बायकोनं समजावलं की आकडा माणसाचा नाही, जागेचा आहे, भिंतीकडून वीज हळूहळू तुमच्यापर्यंत येईल. दाजी म्हणाले, मग मला भिंतीकडं बसवा. शेवटी जावयाचा मान म्हणून त्यांची आणि माझ्या बहिणीची अदलाबदल झाली. बहीण पदर सावरत खालच्या कोपऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "मला चपलांपाशीच बरं. बेलापुरात तरी मी कुठं लोडाला टेकलेली असते?" पडवी हसली. दाजी पण हसले, जरा उशिरा.

पुढं फेऱ्या होत राहिल्या. आकडे आधी धावले, मग चालले, मग रांगायला लागले. खडूनं लिहायचं, तळहातानं पुसायचं, पुन्हा लिहायचं. सगळ्यांच्या हातांना आणि मांड्यांना पांढरं लागलं. गंमत अशी की कुणीही कुणाला सांगत नव्हतं काय करायचं, प्रत्येकाला फक्त आपले चार शेजारी दिसत होते, आणि तरी अख्ख्या पडवीत एक उतार तयार होत होता. भिंतीकडून चपलांकडं. मी मधोमध बसून तो बघत होतो आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ही बाई रोज कॉलेजात काहीतरी सुंदर शिकवत असणार.

शेवटी सगळे थांबले. वर दाजी त्रेचाळीसवर खूष. खाली बहीण सव्वासातवर. मी साडेपंचवीस, म्हणजे पस्तिशीची अट धरली तर नापास. बायको फरश्यांमधून फिरत आकडे बघू लागली, आणि तिचा चेहरा बदलला.

डाव्या बाजूला आत्याच्या फरशीवर वीस होते. उजव्या बाजूला दादाच्या सुनेच्या फरशीवर एकोणीस.

मला त्यात काही वाटलं नाही. एकाचा फरक, चालायचंच. पण तिनं मला हळू आवाजात सांगितलं की चालायचं नाही. डावीकडं चपला, उजवीकडंही चपला, भिंत दोघींना सारखीच. म्हणजे डावा भाग आणि उजवा भाग आरशातल्यासारखे सारखे यायला हवेत, दोघींनाही पावणेएकोणीस. ते आले नाहीत तर पद्धतच चुकली, किंवा तिनं सांगितलेला नियम चुकला. आणि हा तर तिच्या लेक्चरचा पाया. उद्या हेच फळ्यावर मांडायचं तिच्या मनात आलं होतं, मला तेव्हाच ते कळलं.  पडवीतलं हसणं थांबलं, कारण यात्रेच्या दिवशी घरातली सून रडकुंडीला येणं कुणालाच बरं वाटत नव्हतं. दाजींनी तर विचारलं की मी जागा बदलली म्हणून बिघडलं का, हवं तर खाली बसतो.

तिनं मान हलवली आणि एकेकाकडून बेरीज म्हणून घ्यायला सुरुवात केली. वहिनी बरोबर. मी बरोबर, मोबाईलसकट. भाचे बरोबर. मग ती आत्यासमोर उकिडवी बसली. आत्यानं बोटांवर मोजत म्हणून दाखवलं, भिंतीकडचे सव्वात्रेचाळीस, चपलांकडचे साडेसात, तुझ्या नवऱ्याचे साडेपंचवीस, आन् ह्या बाजूला चप्पल, तिचं काय न्हाई.

"सव्वाशहात्तर झाले," बायको म्हणाली. "चौथा हिस्सा एकोणीस. मग तुम्ही वीस का लिहिलेत, आत्या?"

"वर एक," आत्या म्हणाली.

"वरचा एक कशाचा?"

आत्यानं तिच्याकडं असं बघितलं की शिकलेल्या सुनेला एवढंही कळू नये. "अगं, हिस्सा आला तेवढाच का सांगायचा? सुना दिसतो आकडा. आहेराला कुनी शंभर देतंय का? एकशे एक देत्यात. हिस्सा यायला लागल्यापास्नं मी परत्येक बारीला वर एक घातला."

 मग दाजी हसायला लागले, मग वहिनी, मग सगळेच. आत्याला मात्र आपलं काय चुकलं ते कळेना. तिच्या लेखी चूक आमच्या सगळ्यांची होती, दुपारभर बोडके आकडे लिहीत बसलो होतो. मी बायकोकडं बघितलं. मला वाटलं होतं तिचा जीव भांड्यात पडला असेल, नियम बरोबर होता, चूक सापडली. पण ती हसतही नव्हती आणि सुस्कारा सोडतही नव्हती. आत्याच्या फरशीवरच्या विसाकडं ती टक लावून बघत होती.

मग म्हणाली, "आत्या, तुम्ही जरा मधल्या फरशीवर येऊन बसाल? आणि वरचा एक घालत राहा. अजिबात सोडू नका."

मला आत्याच्या जागेवर ढकलण्यात आलं, आत्या मधोमध येऊन बसली. पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. आता लोकांना चटक लागली होती. आकडे थोडे हलले, थोडे सरकले आणि थांबले. या वेळी माझ्या फरशीवर सव्वाएकोणीस, समोर दादाच्या सुनेच्या फरशीवरही सव्वाएकोणीस. दोन्ही बाजू जुळल्या. आणि मधोमध आत्या, साडेसव्वीस. मी तिथं बसलो होतो तेव्हाच्यापेक्षा जास्त. बायको उभी राहून आम्हाला सांगू लागली, आणि तिचा आवाज मी कॅलेंडरसमोर ऐकलेला आवाज नव्हता.

ती म्हणाली की बघा, आत्या जिथं बसतात तिथं उताराला एक उंचवटा येतो. डावीकडं बसल्या तर डावीकडं, मध्ये बसल्या तर मध्ये. शेजाऱ्यांनाही थोडं थोडं वर ओढतात, लांबच्यांना कमी. बाकी आठ जण शेजाऱ्यांची सरासरी आहेत, नुसती सरासरी. जिथं विद्युतभार नसतो तिथली जागा अशीच वागते, शेजारी जसे तशी ती. पण एखाद्या ठिकाणी भार असला की ती जागा शेजाऱ्यांच्या सरासरीवर स्वतःचं काहीतरी घालते. प्रत्येक वेळी. तेच ते ग्रीक अक्षर.

शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडं बघून म्हटलं.

तिला अजून पडताळून बघायचं होतं. तिनं आत्याला विचारलं की वर दोन घालता का, मग उंचवटा दुप्पट होईल. आत्यानं साफ नकार दिला. वरचा एकच असतो, दोन कोण घालतं. शेवटी आत्या आपला एक घालून थांबली आणि राहिलेला एक दाजींनी आत्याच्या वतीनं घातला, आणि उंचवटा खरोखर दुप्पट झाला. दाजींना वाटलं की ही त्यांचीच कामगिरी. त्यानंतर चहा झाला आणि फरशी धुऊन टाकली.

सोमवारी मी रजा घेतली आणि तिला मोटारसायकलवर सोडायला गेलो. ती परत जायला सांगत होती, मी थांबलो. व्हरांड्यात एक बाक होता, त्याच्यामागं खोलीची खिडकी. उकाड्यामुळं ती उघडी ठेवली होती. मी ऐकायला बसलो नव्हतो. पण बाक तिथंच होता, त्याला मी काय करणार.

आत समितीचे चार-पाच जण असावेत. तिनं फळ्यावर चौकोन काढायला घेतले तेव्हा खडूचा आवाज ऐकू आला. मग ती म्हणाली की या माझ्या सासरच्या पडवीतल्या फरश्या आहेत, आणि मला घाम फुटला. वरच्या रेघेवर तिनं दादा लिहिलं, बाजूला चपला लिहिल्या. कोपऱ्यात दाजी, त्यांना मान हवा म्हणून भिंतीकडं. मी मान वळवून आत डोकावलो. मधल्या चौकोनात तिनं "अहो" लिहिलं होतं. कुणीतरी हसलं. मी डोकं पुन्हा बाहेर घेतलं.

ती सांगत गेली. घाई नव्हती. दाजी दोन फेऱ्या शून्यावर राहिले, कारण भिंतीची बातमी एका फेरीत एकच फरशी पुढं सरकते, म्हणून फरश्या बारीक केल्या की उत्तर चांगलं येतं पण फेऱ्या वाढतात. हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. मग आत्या आल्या. वरचा एक आला. आत आता कुणी हसत नव्हतं, ऐकत होते. तिनं "अहो" पुसून तिथं आत्या लिहिलं आणि उंचवटा काढून दाखवला, आणि मग त्याच्याखाली ते दुसरं समीकरण लिहिलं.

तेवढ्यात एका वयस्कर आवाजानं विचारलं की मॅडम, तुमच्या आत्या दर फेरीला एक वाढवतात. फेऱ्या तर पुष्कळ करायच्या. मग आकडा वाढत वाढत जाऊन शंभराच्या वर का नाही जात? थांबतो का?

हा प्रश्न पडवीत कुणाला पडला नव्हता. तिलाही पडला नसावा.  मी बाकाची कड घट्ट धरून बसलो. मागच्या वेळी नेमकं इथंच झालं असणार, असं मला वाटलं. कुणीतरी काही विचारलं असेल, तिला उत्तर माहीत असेल, आणि तिनं ते पुस्तकातल्या भाषेत दिलं असेल.

मग तिनं खडू ठेवल्याचा आवाज आला. "सर, आत्यांनी घातलेला एक आत्यांपाशी राहत नाही," ती म्हणाली. "पुढच्या फेरीत शेजारी तो वाटून घेतात, मग त्यांचे शेजारी. वाटत वाटत तो कडेला पोचतो. आणि कडेला चपला आहेत. चपला कितीही दिलं तरी शून्यच राहतात. जेवढं आत्या दर फेरीला घालतात तेवढंच चपला दर फेरीला गिळायला लागतात, तिथं आकडे थांबतात. चपला काढून घेतल्या आणि दादांसारखं न बदलणारंही कडेला कुणी नसलं, तर मात्र आत्या आम्हाला थांबू देणार नाहीत."

वयस्कर आवाज मग म्हणाला की बसा, आणि बाकीचं बसूनच विचारू.

बाकीचं बराच वेळ चाललं. एका प्रश्नाला तिनं माहीत नाही असं सरळ सांगितलं, ते मी ऐकलं. मग तिला बाहेर बसवलं, माझ्या शेजारीच. मी काही ऐकलंच नाही असा चेहरा करून बसलो. ती ओढणीच्या टोकाला लागलेला खडू झटकत राहिली. पुन्हा आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि ती हसू दाबत होती, त्यामुळं चेहरा नेमका कुठल्या बाजूचा आहे ते मला पटकन कळेना. "घेतलं," एवढंच म्हणाली. पूर्णवेळ. येत्या सत्रापासून.

परतीच्या वाटेवर एका रसवंतीवर थांबलो. तिनं पहिला ग्लास एका दमात संपवला. मग मला विचारलं की खिडकीतून ऐकत होता ना. मी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं.

"कळलं?"

"कळलं."

"सांगा मग."

मी सांगितलं. पडवी, भिंत, चपला, चौथा हिस्सा. आत्या कुठं बसली तर काय होतं ते. घातलेला एक कसा वाटत वाटत कडेला जातो ते. बोलता बोलता मी रसवंतीच्या टेबलावर ग्लास मांडले आणि मिठाची डबी मध्ये ठेवून तिला आत्या केलं. रसवंतीवाला ग्लास परत मागत होता, त्याला म्हटलं थांब जरा. बायको हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. एकाच ठिकाणी तिनं मला अडवलं, मी खालच्या कोपऱ्यातल्या फरशीच्या फक्त एकाच बाजूला चप्पल धरली होती, तिथं दोन्हीकडं चपला येतात. ते मी दुरुस्त केलं आणि शेवटपर्यंत गेलो.

मग तिनं रसवंतीवाल्याला अजून दोन ग्लास सांगितले, आलं जास्त घालून.